निविदेतली सुरक्षा: सरकारी खरेदी आणि कामगारांचे आरोग्य याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत महापालिका, एमएमआरडीए, म्हाडा, बेस्ट, सार्वजनिक बांधकाम विभाग, सरकारी रुग्णालये, रेल्वे, बंदर प्राधिकरण असे मोठे सरकारी खरेदीदार आहेत आणि त्यांच्या कामांवर हजारो कंत्राटी कामगार राबतात. निविदा तयार करणारे अभियंते, त्या भरणारे कंत्राटदार, कामगार संघटना आणि चौकस नागरिक यांच्यासाठी हे पान आहे. निविदापूर्व बैठकींत, हजेरी चौक्यांवर आणि संघटनांच्या सभांत जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे घेतले आहेत.

सुरक्षा ही जागेवर पाहायची गोष्ट. खरेदी विभागाचा तिच्याशी काय संबंध?

जागेवर जे दिसते ते आधी कागदावर ठरलेले असते. किती माणसे, कोणते यंत्र, किती दिवस, पाळी दिवसाची की रात्रीची, दर काय, हे सगळे अंदाजपत्रकात आणि निविदेच्या अटींत पक्के होते. मलवाहिनीतला गाळ काढण्याच्या बाबीपुढे फक्त ‘प्रति मीटर’ दर असेल आणि गॅस डिटेक्टर, ब्लोअर (आत हवा खेळवणारा पंखा), ट्रायपॉड (माणसाला ओढून काढण्याची तिपाई), हार्नेस (अंगाला बांधायचे सुरक्षा पट्टे) यांचा उल्लेखच नसेल, तर मुकादमाने ते आणायचे कुठून? कंत्राटदार म्हणतो दरात बसत नाही, कनिष्ठ अभियंता म्हणतो माझ्या बाबींत नाही. मग मॅनहोलचे झाकण उघडले जाते आणि कामगाराला दोर बांधून आत उतरवले जाते.

महापालिकेचे २०२५-२६ चे अंदाजपत्रक ७४,४२७ कोटी रुपयांचे होते. रस्ते, पूल, मलनिस्सारण, कचरा वाहतूक, रुग्णालयांची साफसफाई यांतले बरेचसे काम कंत्राटांतून होते. एवढा मोठा गिऱ्हाईक ज्या अटी घालतो, त्या पुरवठादारांना पाळाव्या लागतात. म्हणून अपघात रोखायचा असेल तर पहिला प्रश्न निविदेचा मसुदा करणाऱ्याला विचारायला हवा, जागेवरच्या मुकादमाला नंतर.

काम कंत्राटदाराला दिले म्हणजे जबाबदारीही त्याच्याकडे गेली ना?

नाही. ही समजूत कार्यालयांत फार खोल रुजली आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कंत्राटी कामगार अधिनियम, १९७० ने ‘मुख्य मालक’, म्हणजे कंत्राटदारामार्फत आपले काम करून घेणारा, ही कल्पना स्पष्ट केली. कंत्राटदाराने कामगारांना सोयी दिल्या नाहीत तर मुख्य मालकाने त्या द्यायच्या आणि खर्च कंत्राटदाराकडून वसूल करायचा. पगार थकवला तरी तेच. अपघाताच्या भरपाईबाबत १९२३ च्या कायद्याचे बारावे कलम आणखी सरळ होते: कंत्राटदाराच्या कामगाराची भरपाई मुख्य मालकाकडून मागता येते, आणि स्थानिक प्राधिकरणाची कर्तव्ये हा त्यासाठी ‘व्यवसाय’च मानला गेला होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. कायद्यांची नावे बदलली, पण मुख्य मालकाची जबाबदारी संहितांतही आहे. कंत्राटी कामगारांच्या कल्याणकारी सोयींची जबाबदारी तर व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यपरिस्थिती संहितेने थेट मुख्य मालकावर टाकली आहे.

न्यायालयांचा कलही असाच राहिला आहे. कचरा वाहतूक श्रमिक संघाने लढवलेल्या खटल्यात एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबई महापालिकेच्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याच्या बाजूने निकाल दिला. डिसेंबर २०१९ मध्ये गोवंडीत एका खासगी सोसायटीची सेप्टिक टाकी साफ करताना तीन मजूर गेले. तिथे तर सरकारी कंत्राटही नव्हते. तरी सप्टेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या विधवांना प्रत्येकी १० लाख रुपये देण्याचा आदेश सरकारी यंत्रणेला दिला.

‘सर्व जबाबदारी कंत्राटदाराची राहील’ हे वाक्य निविदेत असते. कंत्राटदाराकडून वसुली करायला ते उपयोगी पडते. कामगाराच्या कुटुंबाला किंवा न्यायालयाला तोंड देताना त्याच्या आड लपता येत नाही.

एल-वन, म्हणजे सर्वात कमी दर भरणारा, सोडून दुसऱ्याला काम दिले तर ऑडिटचा आक्षेप येतो. मग सुरक्षेचा विचार करायचा कसा?

भीती खरी आहे. कारकुनापासून कार्यकारी अभियंत्यापर्यंत सगळ्यांना सहीची धास्ती असते. पण नियमांत वाट आहे, आणि ती निविदा उघडण्याच्या आधीच धरावी लागते.

सर्वात कमी दर हा निकष पात्र ठरलेल्यांमध्येच लागतो. महापालिकेत ‘अ’, ‘ब’ आणि ‘क’ अशी तीन पाकिटे असतात. दराचे पाकीट शेवटी उघडते. सुरक्षेच्या किमान अटी तांत्रिक पाकिटात असतील आणि एखादा त्या पूर्ण करत नसेल, तर त्याचे ‘क’ पाकीट उघडायचेच नाही. यात एल-वन डावलण्याचा प्रश्नच येत नाही. अट आधी जाहीर केलेली, सर्वांना सारखी आणि कामाशी संबंधित असली की आक्षेपाला जागा उरत नाही. सर्वात कमी किंवा कोणतीही निविदा नाकारण्याचा सरकारचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने टाटा सेल्युलर खटल्यात १९९४ मध्येच मान्य केला आहे. फक्त निर्णय मनमानी नसावा.

केंद्राच्या अर्थ मंत्रालयाच्या खर्च विभागाने २९ ऑक्टोबर २०२१ रोजी काढलेल्या सूचनांनुसार, ‘गुणवत्ताभिमुख’ ठरवलेल्या कामांत दराखेरीजच्या निकषांना कमाल ३० टक्के भार देता येतो. रेल्वे आणि केंद्राच्या इतर कार्यालयांना हा मार्ग मोकळा आहे. राज्याच्या विभागांसाठी उद्योग विभागाची १ डिसेंबर २०१६ ची खरेदी कार्यपद्धती आहे. तिथेही तांत्रिक पात्रता ठरवण्याचे स्वातंत्र्य खरेदीदाराला आहे.

माझे मत विचाराल तर सुरक्षेला गुण देण्याच्या भानगडीत शक्यतो पडू नये. गुण दिले की सुरक्षेची आणि दराची अदलाबदल सुरू होते: तिथे पाच गुण गेले तरी दर चार टक्क्यांनी पाडून काम मिळवता येते. सुरक्षेची किमान पातळी पात्रतेत ठेवा आणि तिचा खर्च स्पर्धेबाहेर काढा. कसा, ते पुढच्या उत्तरात.

सुरक्षेचा खर्च स्पर्धेबाहेर काढायचा म्हणजे नेमके काय?

या पानावरचे सगळ्यात महत्त्वाचे उत्तर हेच आहे.

आपल्याकडे बहुतेक निविदा टक्केवारीवर भरल्या जातात. कार्यालय दरसूचीप्रमाणे अंदाजपत्रक करते आणि कंत्राटदार त्यावर ‘बिलो’ (कमी) किंवा ‘अबव्ह’ (जास्त) टक्का टाकतो. समजा एक कोटीचे काम आहे, त्यात सुरक्षेच्या बाबी चार लाखांच्या आहेत, आणि २२ टक्के बिलोने निविदा मंजूर झाली. कागदावर चार लाखांचे ३ लाख १२ हजार झाले. पण कंत्राटदाराला २२ लाखांची तूट कुठून तरी काढायची असते. सिमेंट कमी टाकले तर चाचणीत सापडते, डांबर कमी पडले तर पहिल्या पावसात दिसते. दोन हार्नेस कमी घेतले, गॅस डिटेक्टर आणलाच नाही, प्रशिक्षणाचा दिवस गाळला, तर काहीच दिसत नाही. अपघात होईपर्यंत.

म्हणून सुरक्षेच्या बाबींचा स्वतंत्र भाग करा. त्याची रक्कम कार्यालयाने आधीच ठरवून निविदेत छापावी. निविदाकाराचा टक्का त्या भागाला लागू नाही, असे स्पष्ट लिहावे. पैसे प्रत्यक्ष आणलेल्या आणि वापरलेल्या गोष्टींचे, एमबीत (कामाच्या मोजमाप पुस्तिकेत) नोंद करून द्यावेत. वापर नाही तर पैसे नाहीत, आणि ती बचत कंत्राटदाराची नसून कार्यालयाची. एवढे केले की हार्नेस न आणण्यात कोणाचाच फायदा राहत नाही.

त्या भागात काय यावे ते कामावर अवलंबून आहे. उंचीवरच्या कामाला पूर्ण शरीराचा हार्नेस, जीवनदोरी, जाळ्या, पाडाची (परांचीची) तपासणी. बंदिस्त जागेच्या कामाला चार वायू मोजणारा डिटेक्टर, ब्लोअर, विंचसह ट्रायपॉड, हवेची नळी असलेला मुखवटा आणि बाहेर उभा राहणारा प्रशिक्षित माणूस. रस्त्यावरच्या कामाला बॅरिकेड, रात्रीचे दिवे, वाहतूक अडवणारा वॉर्डन. सगळ्या कामांना वैद्यकीय तपासणी, प्रथमोपचार, प्यायचे पाणी, बसायला सावली आणि स्वच्छतागृह. प्रशिक्षणाच्या दिवसाचा पगारही धरा, नाहीतर रोजंदारीवरचा माणूस त्या दिवशी दुसरीकडे कामाला जातो, आणि त्याला दोष देता येणार नाही.

मग सुरक्षेसाठी किती टक्के धरावेत?

एकच टक्का सगळ्यांना लावू नका. काम कसे करायचे ते लिहा, त्यातले धोके लिहा, मग बाबींची बेरीज करा. जमिनीवरचे पेव्हर ब्लॉक बसवणे आणि सहा मीटर खोल मॅनहोलची दुरुस्ती यांना एकच टक्का लावला तर एका ठिकाणी पैसे पडून राहतील आणि दुसऱ्या ठिकाणी माणूस अडकेल.

बांधकामावर १ टक्का उपकर तर आधीच भरतो. तो कशासाठी असतो?

तो उपकर १९९६ च्या कायद्याने आला. महाराष्ट्रात त्यातून इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ नोंदित कामगारांना शैक्षणिक, आरोग्यविषयक आणि अर्थसाहाय्याच्या योजना देते. जागेवरचे कठडे, जाळ्या, हेल्मेट त्यातून येत नाहीत. मात्र निविदेत ‘जागेवरच्या प्रत्येक कामगाराची मंडळाकडे नोंदणी करून द्यावी’ अशी अट जरूर घाला. उपकर भरला गेला आणि कामगाराची नोंदणीच नाही, असे घडले की तो पैसा त्याच्या घरापर्यंत पोहोचत नाही.

आयएसओ ४५००१ चे प्रमाणपत्र मागितले की पुरे का?

पुरे नाही. ते प्रमाणपत्र संस्थेत कामगारांच्या सुरक्षेची आणि आरोग्याची व्यवस्था आहे एवढे सांगते. तुमच्या नाल्यावर किंवा पुलावर ती व्यवस्था कोण चालवणार, ते सांगत नाही. मोठ्या कामांना ते मागायला हरकत नाही, पण मजूर सहकारी संस्था, महिला बचत गट आणि छोटे कंत्राटदार यांना ही अट लावली तर ते बाद होतील आणि त्यांचेच मजूर पोटकंत्राटातून, आणखी कमी दराने, त्याच जागेवर येतील.

त्यापेक्षा अशा गोष्टी मागा ज्या तपासता येतात. मागच्या काही वर्षांतले गंभीर अपघात आणि मृत्यू, प्रतिज्ञापत्रावर. त्यानंतर कामाच्या पद्धतीत काय बदल केला, त्याचे लेखी वर्णन. या कामावर कोणता सुरक्षा अधिकारी असणार, त्याचे नाव, पात्रता आणि तो किती जागा सांभाळतो. कायद्याने बांधकामावर २५० किंवा अधिक कामगार असतील तेव्हा सुरक्षा अधिकारी सक्तीचा होतो. कायदा ही किमान मर्यादा आहे. चाळीस माणसांच्या पण धोक्याच्या कामालाही निविदेतून तो मागता येतो.

‘शून्य अपघात’ ही पात्रतेची अट मात्र ठेवू नका. ती ठेवली की अपघात लपवले जातात, जखमी माणसाला सरकारी रुग्णालयाऐवजी कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नेले जाते आणि ‘घरी पडला’ असे लिहून घेतले जाते. यात जखमी माणसाचे दुहेरी नुकसान होते.

मलवाहिन्या आणि सेप्टिक टाक्यांसाठी वेगळे नियम आहेत का?

आहेत, आणि इथे हयगय केली तर माणूस जातो.

हाताने मैला साफ करण्यास मनाई करणारा कायदा २०१३ चा. त्याच्या सातव्या कलमाने मलवाहिनी किंवा सेप्टिक टाकीच्या धोकादायक सफाईसाठी कोणालाही, थेट किंवा कंत्राटातून, कामाला लावण्यास बंदी आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नियमांनुसार माणसाला आत उतरवणे हा अपवाद आहे. त्यासाठी स्थानिक प्राधिकरणाच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याने कारणे नोंदवून लेखी परवानगी द्यावी लागते. म्हणजे ‘मजुरांमार्फत गाळ काढणे’ अशी बाब निविदेत लिहिणे हीच कायद्याशी पहिली टक्कर.

२० ऑक्टोबर २०२३ रोजी डॉ. बलराम सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मलवाहिनीतील मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली, आणि कायमच्या अपंगत्वाला २० लाखांची तळरेषा आखली. खरेदीच्या दृष्टीने त्याच निकालातला दुसरा भाग अधिक मोलाचा आहे. आउटसोर्स केलेल्या कामात मृत्यू झाला तर कंत्राट ताबडतोब रद्द करावे, आर्थिक जबाबदारी लादावी, यासाठी यंत्रणा उभारा, असे न्यायालयाने सांगितले. केंद्राने नमुना कंत्राट तयार करावे, दुर्घटना झाल्यास एजन्सी कंत्राट गमावेल आणि कदाचित काळ्या यादीत जाईल अशी तरतूद त्यात असावी, आणि राज्यांनीही तेच वापरावे, असेही निर्देश आहेत. जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने मुंबईसह सहा महानगरांत हाताने मलवाहिनी साफ करण्यावर बंदीचा आदेश दिला. निविदेचा मसुदा करणाऱ्याला यापेक्षा भक्कम आधार कोणता हवा?

तांत्रिक बाजूही समजून घ्या, कारण अटी त्यातूनच लिहायच्या आहेत. मैल्यात हायड्रोजन सल्फाइड साठतो. थोडा असताना सडक्या अंड्याचा वास येतो. प्रमाण वाढले की नाक बधिर होते आणि वास येईनासा होतो. ‘वास नाही, उतर’ असे म्हणणारा मुकादम माणसाला नेमक्या सर्वात घातक क्षणी उतरवत असतो. हवेत साधारण २०.९ टक्के प्राणवायू असतो. तो १९.५ च्या खाली गेला की जागा असुरक्षित. हे डोळ्यांना किंवा काडी पेटवून कळत नाही, आणि काडी पेटवणे तर मिथेनमुळे स्फोटाला आमंत्रण आहे. शिवाय एकजण कोसळला की दुसरा त्याला वाचवायला उडी घेतो आणि तोही जातो. अशा घटनांत दोन-दोन, चार-चार मृत्यू होतात ते यामुळे. म्हणून बाहेरून ओढून काढण्याचे साधन, म्हणजे विंचसह ट्रायपॉड, मॅनहोलवर उभा असल्याशिवाय आणि अपवादात्मक परवानगीचा कागद हातात असल्याशिवाय काम सुरू होणार नाही, अशी अट घाला. सक्शन-जेटिंग यंत्राच्या तासांचा दर भरपूर धरा. यंत्र स्वस्तात मिळणार नाही, आणि ते मिळावे असा आग्रहही नको.

छोटी कामे कोटेशनवर होतात. तिथे एवढे सोपस्कार कोण करणार?

मार्च २०२५ मध्ये नागपाड्यात बांधकाम चालू असलेल्या खासगी इमारतीच्या पाण्याच्या टाकीत चार मजूर गुदमरून गेले. टाकी धुणे, पत्रे बदलणे, झाडाची फांदी तोडणे, दिवा बदलणे ही सगळी ‘छोटी’ कामे शाळा, दवाखाने आणि विभाग कार्यालयांतही रोज होतात. त्यांच्यासाठी कार्यादेशासोबत एक पानाची छापील अट पुरेशी आहे: बंदिस्त जागा असेल तर हवा मोजल्याशिवाय प्रवेश नाही, उंची दोन मीटरपेक्षा जास्त असेल तर हार्नेस किंवा कठडा, विजेचे काम पुरवठा बंद करून आणि कुलूप लावूनच. विभाग कार्यालयाने डिटेक्टर आणि हार्नेसचे दोन संच स्वतः विकत घेऊन छोट्या कंत्राटदारांना वापरायला दिले तर आणखी बरे.

हेल्मेट, बूट, हातमोजे घेताना काय पाहावे?

बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) मार्क हवाच: औद्योगिक हेल्मेटसाठी आयएस २९२५, सुरक्षा पादत्राणांसाठी आयएस १५२९८, हार्नेससाठी आयएस ३५२१. जेमवर (सरकारी खरेदीच्या ऑनलाइन पोर्टलवर) किंवा निविदेत हे क्रमांक लिहा, नुसते ‘चांगल्या प्रतीचे’ लिहू नका.

पण मार्क असूनही सामान पडून राहते, आणि त्याचे कारण बहुतेकदा मापात असते. झाडलोट करणाऱ्या बायकांना पुरुषी मापाचे बूट आले की ते चौकीच्या कोपऱ्यात जातात आणि बाई पुन्हा चपलेवर. जाड रबरी मोजे मुंबईच्या दमट हवेत तासाभरात घामाने भरतात. पाण्यात उभे राहणाऱ्या नालेसफाईच्या कामगाराला गुडघ्यापर्यंतचे गमबूट हवेत, कारण पायाला जखम असेल तर उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून लेप्टो होतो. मापे आधी घ्या, दोन-तीन पुरवठादारांचे नमुने चौकीवर महिनाभर वापरून पाहा आणि कामगारांचा अभिप्राय फाइलला लावा. तो कागद तुम्हाला ऑडिटपुढेही उपयोगी पडेल. किती दिवसांनी बदलायचे तेही खरेदीतच ठरवा. वर्षाला एकच जोड आणि तो जूनमध्ये फाटला, तर पुढचा पावसाळा अनवाणीच.

आणि आधी हा विचार करा की ही वस्तू लागू नये म्हणून काही विकत घेता येईल का. कचऱ्याची गाडी घेताना डबा उचलणारी लिफ्ट किती उंचीवर आहे, दाबयंत्राला तत्काळ थांबवण्याचे बटण मागे उभ्या असलेल्या मोटर लोडरच्या (गाडीत कचरा भरणाऱ्या कामगाराच्या) हाताशी आहे का, गाडी मागे घेताना भोंगा वाजतो का, हे विचारले तर पाठीचे आणि बोटांचे किती आजार वाचतात! ही खरेदी एकदा चुकली की आठ-दहा वर्षे ती गाडी त्याच त्रासासकट रस्त्यावर धावते.

३१ मेची मुदत सुरक्षेच्या आड येते का?

येते. नालेसफाई आणि रस्त्यांची कामे पावसाळ्याआधी संपवायची असतात, आणि कार्यादेश उशिरा निघाला तरी मुदत सरकत नाही. मग दोन पाळ्यांचे काम एकाच टोळीकडून, रात्री, अपुऱ्या दिव्यांत होते. निविदा वेळेत काढणे हा कार्यालयाच्या हातातला सुरक्षा उपाय आहे. त्याला एक रुपयाही लागत नाही.

काम चालू असताना अटी पाळल्या जातात हे कसे पाहायचे? दंड लावावा का?

दंड ठेवा, पण एकट्या दंडावर भिस्त नको. दंडाची रक्कम कामगाराच्या पगारातून कापली जाणार नाही हे कंत्राटात लिहा, कारण ती कापली जाते. प्रत्येक आरए बिलासोबत (चालू कामाच्या हप्त्याच्या देयकासोबत) सुरक्षेचा अहवाल आणि हजेरीपट जोडल्याशिवाय देयक पुढे जाऊ नये. धोका दिसला तर काम थांबवण्याचा अधिकार कनिष्ठ अभियंत्याला आणि खुद्द कामगाराला असावा, आणि त्या थांबलेल्या तासांची मजुरी बुडणार नाही हेही लिहावे. बारीकसारीक घटना कळवणाऱ्या कंत्राटदाराला त्याबद्दल दंड नको. लपवणाऱ्याला जबर हवा.

पोटकंत्राटावर खास लक्ष द्या. ३१ जुलै २०२३ च्या मध्यरात्री शहापूर तालुक्यात सरळांबे इथे समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर बसवणारा लाँचर कोसळून २० जण मृत्युमुखी पडले. एवढ्या मोठ्या सरकारी कामावर एकाखाली एक अनेक संस्था असतात. सर्वात खालच्या टोळीतला माणूस कोणाच्या मस्टरवर आहे, त्याला कोणी प्रशिक्षण दिले, हे पहिल्या दिवसापासून मुख्य खरेदीदाराच्या नोंदीत असायला हवे. लेखी परवानगीशिवाय पोटकंत्राट नाही आणि सुरक्षेच्या सगळ्या अटी खालपर्यंत जशाच्या तशा लागू, ही दोन वाक्ये प्रत्येक कंत्राटात हवीत.

हे सगळे दुसरीकडे कुठे चालते का?

चालते. सार्वजनिक कंत्राटांतील कामगार अटींवर आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा करार क्रमांक ९४ आहे, तो १९४९ चा. भारताने तो स्वीकारलेला नाही. ऑस्ट्रेलियात केंद्राच्या पैशांतून होणाऱ्या मोठ्या बांधकामांवर मुख्य कंत्राटदार व्हायचे तर संघीय सुरक्षा आयुक्तांची मान्यता लागते. लंडनच्या २०१२ च्या ऑलिम्पिकची संकुले सार्वजनिक यंत्रणेने बांधून घेतली आणि बांधकामावर एकही मृत्यू झाला नाही. आपल्याकडेही परदेशी कर्जावरच्या मेट्रोसारख्या कामांत सुरक्षा, आरोग्य आणि पर्यावरणाची स्वतंत्र अटीपुस्तिका कंत्राटाचा भाग असते. तीच शिस्त गल्लीतल्या गटाराच्या कामाला का नसावी?

मसुदा करताना मदत कुठे मिळेल?

शीवला केंद्रीय श्रम संस्था आहे, सीबीडी बेलापूरला राष्ट्रीय सुरक्षा परिषद आहे, राज्याचे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय आहे. देशभरातले लोक प्रशिक्षणाला इथे येतात. मुंबईतल्या खरेदी अधिकाऱ्यांना तर लोकलचे तिकीट पुरते.

नागरिक किंवा संघटना म्हणून आम्ही काय तपासू शकतो?

निविदेची कागदपत्रे महाटेंडर्स (राज्याचे निविदा पोर्टल) आणि संबंधित कार्यालयाच्या संकेतस्थळावर असतात. बीओक्यू (कामाच्या बाबी आणि परिमाणांची यादी) उघडा आणि सुरक्षेच्या स्वतंत्र बाबी आहेत का ते पाहा. निविदापूर्व बैठक उघडी असेल तर लेखी प्रश्न पाठवा. उत्तर सगळ्यांना द्यावे लागते आणि ते कंत्राटाचा भाग बनते. काम सुरू झाल्यावर माहिती अधिकारात कार्यादेश, कंत्राटदाराचा कामगार परवाना, पोटकंत्राटाची परवानगी आणि एमबीची सुरक्षा बाबींची पाने मागा. धोका समोर दिसत असेल तर अर्जाची वाट पाहू नका. जागेचा फोटो आणि वेळ टिपून विभाग कार्यालयाला आणि वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कामगार भवनात कामगार आयुक्तांना त्याच दिवशी लेखी कळवा, पोच घ्या.

आधीच दिलेल्या, चालू कंत्राटात या अटी घालता येतील का?

येतील. कायद्याने जे बंधनकारक आहे ते कंत्राटात लिहिलेले नसले तरी लागू असतेच, त्यासाठी दुरुस्तीची गरज नाही. पत्र द्या आणि अंमल मागा. त्यापलीकडचे उपाय, म्हणजे जादा डिटेक्टर, सुरक्षा अधिकारी, यंत्राचे वाढीव तास, हे जादा बाब म्हणून सक्षम अधिकाऱ्याच्या मंजुरीने आणि पूरक करारनाम्याने घेता येतात. कंत्राटाला मुदतवाढ देण्याची वेळ ही त्यासाठी सर्वात सोयीची असते, कारण तेव्हा कंत्राटदारही टेबलाशी बसायला तयार असतो. मुदतवाढीच्या प्रस्तावात सुरक्षेच्या बाबी आणि त्यांची रक्कम वेगळी दाखवा, आणि पुढच्या निविदेचा मसुदा त्याच फाइलमध्ये सुरू करा.